विहिरीजवळचा म्हसोबा

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. दोन्ही गुडघे बदलून झाले होते. आधी डावा, मग उजवा. उजव्याची जखम मध्येच चिघळली, म्हणून गावी जायचं लांबत लांबत वर्ष होऊन गेलं. मुलाचा फ्लॅट नाशकात, सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, दुसरं काही नाही. शेत वणीच्या रस्त्याला, द्राक्षाचं. ते धाकटा भाऊ बघत होता. स्वतःचंही आणि माझंही.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण माणूस ओळखायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. गावात भांडण मिटवायला बसले की पंच म्हणून मला बोलवायचे. मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसे, पायाकडे बघत असे. खोटं बोलणारा अंगठ्याने माती उकरतो. टीव्हीत पाय दाखवत नाहीत, म्हणून तिथं जरा जड जातं, एवढंच.

सूनबाई एक मालिका बघायची. सासू-सुनेची नाही, खुनाची. तिच्यामुळे मलाही नाद लागला. गोष्ट अशी होती की एका गावात सरपंचाचा मेहुणा नाहीसा होतो आणि त्याच्या तपासाला एक पोलिसीणबाई बदलून येते. दर भागात वेगळ्याच माणसावर संशय. मी पहिल्याच भागात सांगून टाकलं होतं की हे काम गावच्या मास्तराचं. कारण तो येईल त्याला हात जोडत होता.

आमची म्हातारी म्हणायची, "अवो, हात जोडले म्हून काय खुनी झाला का? गरीब हाय बिचारा."

"गरीब माणूस एवढे हात जोडत नाय. त्याला कामं असतात."

"मग तुम्हीच जा की तपासाला. त्या बाईला तरी सुट्टी भेटंल."

सूनबाई पदर तोंडाला लावून हसायची. असे आमचे चार भाग झाले.

पाचवा भाग होता त्या रविवारी मला सकाळपासूनच घरातलं वारं बरं वाटलं नाही. जेवायला मटण होतं. मटण आमच्याकडे रविवारी असतंच, पण त्या दिवशी मुलाने स्वतःच्या हाताने मला नळी वाढली. जेवून एरवी तो आडवा पडतो, तो त्या दिवशी पडला नाही. टीव्हीसमोरची खुर्ची पुढे ओढून तिच्यावर उशी ठेवली आणि म्हणाला, "नाना, तुम्ही इथं बसा. नीट दिसंल."

आजवर मला काय वाकडं दिसत होतं?

सूनबाईने पडदे लावले. म्हातारी पोथी बाजूला ठेवून येऊन बसली. ती कधी सुरुवातीपासून बसत नाही. आणि मुलगा कोपऱ्यात उभा राहिला तो मोबाइल हातात धरून. मोबाइलचं तोंड माझ्याकडे. मी बघितलं की तो खाली करायचा, मी नजर फिरवली की परत वर.

मी मनाशी जुळवायला लागलो. महिन्याभरापूर्वी त्याने मला विचारलं होतं, "नाना, आपल्या तिकडं जमिनीचं काय चाललंय?" म्हणाला, सहज विचारतो. सहज कुणी काही विचारत नाही. आमच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर एक म्हातारा आहे. त्याला पोरांनी असंच गोडधोड खाऊ घालून कुठल्याशा कागदावर अंगठा द्यायला नेलं होतं. मला सही येते. मी ठरवलं की आज चष्मा सापडत नाही म्हणायचं.

भाग सुरू झाला. सरपंचाच्या मेहुण्याचं प्रेत सापडलं, ते कांदे साठवायच्या चाळीत. वरून कांदे ओतलेले. पोलिसीणबाई म्हणते, कांदे सडले होते म्हणून वास कुणाला कळला नाही.

"खोटं हाय," मी म्हणालो.

"काय खोटं, नाना?" सूनबाई.

"सडलेल्या कांद्याचा वास येगळा असतो. आन् चाळीत कांदा सडला तर शेतकरी तिथंच येऊन बसतो, दिवसातून दोनदा निवडतो. प्रेत काय, उंदीर मेला तरी कळंल."

"गप बसा ना जरा," म्हातारी म्हणाली, "पुढं बघा."

तिने असं कधी म्हटलं नव्हतं, पुढं बघा म्हणून. मी पुढं बघितलं.

पहाट दाखवली होती. धुकं. पोलिसीणबाई एका बांधावरून चालली होती. मागे डोंगराची रांग होती, आणि ती रांग मी जन्मापासून बघत आलोय. देवीचा डोंगर वणीच्या बाजूने जसा दिसतो तसाच. मग कॅमेरा फिरला आणि विहीर आली. कठड्याचा एक कोपरा ढासळलेला आणि त्या फटीतून आलेलं पिंपळाचं रोप. ते रोप मी कितीदा काढायला निघालो आणि पिंपळ म्हणून हात मागे घेतला.

"माझी विहीर," मी म्हणालो.

तर घरात एकच गलका. "ओळखली! ओळखली!" सूनबाईने टाळ्या वाजवल्या. मुलगा मोबाइल धरून हसत पुढे आला. म्हातारी म्हणाली, "मी म्हनलं व्हतं, बघताक्षणी ओळखतील."

म्हणजे हिलाही माहीत होतं.

मुलगा म्हणाला, "नाना, तुमचं दुसरं ऑपरेशन झालं ना, तेव्हा शूटिंग झालं आपल्या शेतात. काकांना विचारून मीच हो म्हटलं. तुम्हाला सांगितलं असतं तर टाके घेऊन उठला असता. म्हटलं, टीव्हीवरच दाखवू."

मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी टीव्हीकडे बघत होतो. विहिरीच्या अलीकडे, कठड्यापासून हातभर अंतरावर, शेंदूर लावलेला धोंडा होता. पोलिसीणबाई त्याच्यासमोर वाकली आणि त्याच्यामागून रक्ताचा कोयता काढला. कोयत्याचं मला काही नव्हतं.

"थांबव," मी म्हणालो. "मागं घे. तो धोंडा दाखव."

त्याने मागे घेतलं आणि तिथंच थांबवलं. मी उठून अगदी काचेजवळ गेलो. माझ्या शेतातला म्हसोबा माझ्या विहिरीजवळ बसला होता.

हे शहरात कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून जरा मागचं सांगतो. आमच्या वडिलांनी दोघा भावांची वाटणी केली तेव्हा मोजणीवाला बोलावला नाही. दोन शेतांच्या मध्ये, बाभळीखाली, आमचा म्हसोबा होता. वडील म्हणाले, म्हसोबापासून डोंगराकडचं थोरल्याचं, रस्त्याकडचं धाकट्याचं. दोघांच्या हाताने नारळ फोडला आणि झालं. सातबाऱ्यावर किती जमीन ते लिहिलेलं असतं, बांध कुठं ते लिहिलेलं नसतं. आमचा बांध म्हणजे म्हसोबा. विहीर त्याच्या डोंगराकडच्या अंगाला, म्हणजे माझ्यात. भाऊ त्यातून पाणी घेतो ते माझ्या मर्जीने, पाळीने. म्हसोबा जर विहिरीच्या पलीकडे जाऊन बसला तर विहीर धाकट्याची. मी आणखी वर्षभर खिडकीतून टाक्या बघत बसलो, की मग गावात सगळे म्हणणार, म्हसोबा पहिल्यापासून तिथंच आहे. गावाला बोलायला एक पावसाळा पुरतो.

टीव्हीत तर धोंडा विहिरीच्या अलीकडे दिसत होता. पण अलीकडे कुणाच्या? कॅमेरा कुठल्या बाजूला उभा होता? आणि मागे ती बाभूळ होती, तिच्या बुडाशी म्हसोबा नव्हता. मक्याच्या चाऱ्याचा ढीग होता.

"नाना, दगडच तर हाय," मुलगा म्हणाला.

"तुझा आजा दगडाला नारळ फोडत व्हता काय? कुणी हलवला?"

"मला काय माहीत? मी ऑफिसला होतो. काका होते तिथं."

"काका होते! तेच म्हनतो मी. फोन लाव."

"नाना, आधी भाग तर संपू द्या," सूनबाई म्हणाली. "खुनी कोण ते..."

"खुनी मला ठाऊक हाय. फोन लाव."

लावला. स्पीकरवर टाक म्हटलं. मला चोरून काही बोलायचं नव्हतं. पलीकडून धाकट्याचा हसरा आवाज आला, "काय भाऊ, बघितलं का टीव्हीवर?"

"बघितलं. देव उचललास तू."

"काय?"

"म्हसोबा उचललास आन् इहिरीवर नेऊन ठिवला. मी हितं लंगडा झालो म्हून. बापाच्या हातचा नारळ व्हता रे त्याच्यावर."

त्याचं हसणं बंद झालं. मला वाटलं, सापडला. अंगठ्याने माती उकरत असणार.

मग तो म्हणाला, "वरीसभर तुझ्या शेतात राबलो भाऊ मी. तुझी छाटणी आधी केली, मग माझी."

"इचारलं त्याचं उत्तर दे."

"नाय देत. तू मला चोर म्हनला ना? मग चोराचं ऐकून काय करशील? तुझ्या डोळ्यानं येऊन बघ. आन् ऐक, आजपासून तुझ्या इहिरीचं पाणी मला नको. माझा भाग जळून गेला तरी नको." आणि फोन ठेवला.

मुलगा म्हणाला, "नाना, काय केलंत हे तुम्ही?"

"तू इचारू नको. तू मला न सांगता माझ्या रानात खून करवलास."

म्हातारीला मी विचारलं, "तुला समदं माहीत व्हतं?"

"शूटिंगचं व्हतं. देवाचं नव्हतं."

"शूटिंगचं वर्षभर पोटात ठिवलं ना? मग देवाचंही ठिवशील."

ती उठून आत गेली. त्या दिवशी चहा झाला नाही. मी खुर्चीवरून हललो नाही. समोर टीव्हीवर धोंडा तसाच थांबवलेला होता, सूनबाईला तो बंद करायची हिंमत झाली नाही. मी त्याच्याकडे बघत राहिलो. जितकं बघितलं तितका संशय वाढत गेला. आमच्या म्हसोबाला डोळे नाहीत, नुसता शेंदराचा थर. याला पांढरे डोळे होते. म्हणजे देव हलवला तो हलवला, वर त्याला डोळेही बसवले, जुना कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. बेत पक्का केलेला दिसत होता. मग वाटायचं, धाकटा एवढं डोकं चालवणारा नाही. मग वाटायचं, माणसाचं काय सांगता येत नाही, चार भाग झाले तरी मास्तरावर माझ्याशिवाय कुणाचा संशय गेला होता?

मुलगा म्हणाला, "उद्या रजा टाकतो, गाडीने नेतो." मी म्हणालो, तुझी गाडी नको. ज्याला देव पाहिजे तो एसटीने जातो.

सकाळी मी धोतर नेसलो, काठी घेतली. दारात बघतो तर म्हातारी पिशवी घेऊन उभी. "तुला कुणी बोलावलं?" म्हटलं. ती म्हणाली, "गुडघे तुमचे नवे हायेत, डोकं जुनंच हाय. कुणी तरी सोबत पाहिजे." रिक्षाने पंचवटीपर्यंत गेलो आणि वणीची एसटी धरली. दिंडोरी मागे पडली. मग म्हणाली, "राती मी आन् सूनबाईनं राहिलेला भाग बघितला. खून मास्तरानं नाय केला."

"मग?"

"सरपंचाच्या बायकोनं. सख्ख्या भावाचा."

"कशापायी?"

"जमिनीपायी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हणालो, तो भाग शेवटचा नाही, अजून फिरेल.

फाट्यावर उतरून शेतापर्यंत चालत गेलो. नव्या गुडघ्यांना ढेकळांची सवय नव्हती, पण मी थांबलो नाही. द्राक्षाची छाटणी झालेली होती, काड्यांवर पोपटी फुटी आल्या होत्या. काम चोख होतं. तेही मला खटकलं. एवढं चोख कशासाठी?

धाकटा बांधावर बसलेला होता. मी येणार हे त्याला ठाऊक असणार. उठला नाही. वहिनीला तेवढं "ये वहिनी" म्हणाला.

मी आधी विहिरीकडे गेलो. धोंडा होता. विहिरीच्या कठड्यापासून हातभर, डोंगराकडच्या अंगाला. पांढरे डोळे वटारून बसलेला. अंगावर ताजा शेंदूर, हळदकुंकू, समोर नारळाची शेंडी, उदबत्तीच्या काड्या. मी काठीचं टोक त्याच्या डोक्यावर आपटलं. आवाज आला तो वाळल्या भोपळ्यासारखा. परत आपटलं. परत तसाच. आतून पोकळ.

"मार, अजून मार," धाकटा मागून म्हणाला. "फायबरचा हाय, फुटत नाय."

मग तो बोलायला लागला, पण माझ्याकडे नाही, म्हातारीकडे बघून. "वहिनी, शूटिंगवाले आले आन् म्हनले, हा देव इहिरीजवळ घ्या, हितं उजेड बरा हाय. मी म्हनलो, देवाला हात लावायचा नाय. ती आमची हद्द हाय. तुम्हाला पाहिजे तर तुमचा देव आणा. तर त्यांनी मुंबईहून हा आणला. आन् आपला दिसू नये म्हून त्याच्याफुडं चारा टाकला. तो मी त्याच सांजेला काढला."

मी बाभळीकडे गेलो. म्हसोबा होता. बिनडोळ्यांचा, शेंदराचे पोपडे निघालेला, आम्ही लहानपणापासून बघितलेला. मी खाली वाकलो. वाकायला वेळ लागला. त्याच्या बुडाशी काठीने माती उकरून बघितली.

"उकर," धाकटा म्हणाला, "फावडं देऊ का?"

माती घट्ट होती. बाभळीचं एक मूळ दगडाच्या खालून येऊन त्याला धरून बसलं होतं. करंगळीएवढं मूळ, ते वर्षात होत नाही. दगड जागचा हललेला नव्हता.

मी सरळ उभा राहिलो. म्हटलं, "मग तो खोटा वर्षभर हितं कशाला ठिवला? ते गेले त्याच दिवशी फेकायचा."

"फेकायला गेलो व्हतो. तर वस्तीवरच्या बाया नारळ घेऊन उभ्या. त्यांना सांगितलं, हा नाटकातला हाय. त्या म्हनल्या, डोळे बघ कसे हायेत, हा जागृत हाय. एकीची गाभण गाय अडली व्हती, नवस केला आन् सुटली. आता त्याला लोक लांबून येतात. आपल्या म्हसोबाकडं कुणी बघत नाय." मग पहिल्यांदा तो माझ्याकडे वळला. "आन् भाऊ, समज मी तो उचलला असता. गावातनं तुझ्या कानावर काय गेलं असतं? धाकट्यानं इहिरीवरचा म्हसोबा उचलला. तू काय म्हनला असता?"

जे म्हणालो असतो ते आदल्या दिवशी म्हणून झालं होतं.

"म्हून ठिवला," तो म्हणाला. "तू येशील, तूच उचलशील. मला तुझा सोभाव माहीत हाय."

म्हातारी बांधावर बसली होती. "उचला मग," ती म्हणाली. "आलाय ना त्याच्यासाठीच?"

मी परत विहिरीकडे गेलो. हात जोडावेत की नाही ते कळेना, शेवटी जोडले. बायांनी श्रद्धेने वाहिलेलं होतं, त्यांच्या कुंकवाचा मान ठेवला. मग वाकून तो देव उचलला. काखेत मावला, कोंबडीएवढंही वजन नाही. सदऱ्याला शेंदूर लागला. बांधावर नेऊन बाभळीखाली, आपल्या म्हसोबाच्या शेजारी, एका रेषेत ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या मागेपुढे दगड लावले. दगड धाकट्याने आणून दिले.

"बाया हितं येतील का?" म्हातारी म्हणाली.

"येतील," मी म्हणालो. "डोळे तिकडं तसे हितं."

"आन् हद्द कुठल्यावरनं धरायची आता?" धाकट्याने विचारलं. चेहरा कोरडा ठेवून विचारलं, पण मला त्याचे पाय दिसत होते. ते स्थिर होते.

"जुन्यावरनं," मी म्हणालो.

तरी बांधाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन मी बांध नीट बघून आलो. कुठं कोरलेला नव्हता. परत येईपर्यंत धाकटा तसाच उभा होता. चूक झाली हा शब्द मला येत नाही, आमच्या घरात तो कुणालाच येत नाही. मी मोटारीच्या पेटीपाशी गेलो. त्याच्याकडची माती कोरडी पडली होती. आदल्या रात्री त्याची पाळी असून त्याने पाणी घेतलं नव्हतं, बोलल्याप्रमाणे वागला होता. त्या दिवशी पाळी माझी होती. मी कॉक फिरवून त्याच्या शेताकडे केला आणि मोटार चालू केली.